दहा पाहुणे म्हणजे अर्धा टन

तळेरे नकाशात शोधायचं तर गाव शोधू नये, रस्ते शोधावेत. मुंबईहून गोव्याला निघालेला महामार्ग इथून जातो. पूर्वेचा फाटा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर गाठतो, पश्चिमेचा विजयदुर्गाला जाऊन समुद्रापाशीच थांबतो. अशा नाक्यावरच्या गावात राहण्याचे फायदे पुष्कळ. कुठल्याही दिशेची एसटी मिळते, मासळी खालून येते, भाजी वरून येते. तोटा एवढाच की सल्लाही चारी बाजूंनी येतो. 'यंदा एसी घ्यावा म्हणतो' एवढं वाक्य चहाच्या टपरीवर उच्चारायचा अवकाश, चारही रस्ते आपापला तज्ज्ञ पाठवून देतात.

मुळात तळेऱ्यात एसी हवा कशाला, हा प्रश्न घरातूनच निघतो. आमच्याकडे तो माईकाकीनं काढला. "एशी कित्याक होयो? खळ्यात खाट टाक नि नीज. उकाड्यान ह्या घरात कोण मेलो नाय." हे खरंच आहे. आमच्या घरात जी माणसं गेली ती म्हातारपणानं गेली, नाहीतर दिवाणी दाव्याच्या तारखांनी. उकाड्याची नोंद नाही.

पारा बघितला तरी काकीचीच बाजू बळकट होते. मे महिन्यात आमच्याकडे चौतीस-पस्तीस. हा आकडा चंद्रपूरच्या माणसाला सांगितला तर तो विचारतो, "म्हणजे तुमच्याकडे हिवाळा अजून संपला नाही का?" त्यांचा मे पंचेचाळीसच्या पुढे धावतो. आकड्यांत कोकण नेहमी हरतं. पण आकडा हवेचा असतो आणि घाम आपला. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं, आणि वाळण्यासाठी हवेत जागा लागते. आमच्या हवेत जागा नसते. तिथं आधीच पाणी भरलेलं. आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा आंघोळीची वेळ होते, आणि रात्री बाराला उशी उलटवून बघितली तर तिचा दुसराही गाल ओला.

शिवाय घरं बदलली. कौलं, जाड चिऱ्याच्या भिंती, सारवलेली जमीन आणि परसातला फणस असा मिळून जो थंडावा होता तो स्लॅब घालताना कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये कुणी लिहून घेतला नाही. स्लॅब दिवसभर ऊन घेतो आणि रात्री ते व्याजासकट परत करतो. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडंही गेली. तेव्हा काकीच्या काळी उकाड्यानं कुणी मेलं नाही हे मान्य करूनही, आपण झोपायचं कुठं हा प्रश्न उरतोच.

पहिला तज्ज्ञ करूळ घाट उतरून आला. भाजीचा टेम्पो घेऊन येणारे एक कोल्हापूरकडचे गृहस्थ आहेत. त्यांनी कोबी उतरवता उतरवता निकाल दिला. "कशाला पैसं घालवताय? कूलर घ्या की! पाणी ओता, बटन दाबा, गारगार!" घाटावर हे चालतं, विदर्भात तर त्याच्यावर घरं चालतात. तिथली हवा कोरडी. वाळ्याच्या ओल्या ताटीतून ती जाते तेव्हा पाणी वाफ होतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. कोकणात तोच कूलर लावला तर आधीच ओल्या हवेला आपण स्वखर्चानं आणखी ओली करतो. खोलीत मग उकाडा तोच राहतो, फक्त त्याला वेग येतो. दोन दिवसांत पापड मऊ, चार दिवसांत चपलांना बुरशी.

गंमत अशी की एसीचा जन्मच मुळी या ओलाव्याच्या भांडणातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. दमट दिवसांत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसायचा नाही. त्यावर तोड काढायला विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरला बसवलं. त्यानं हवेतला ओलावा थंड नळ्यांवर उतरवून काढायची यंत्रणा आखली. माणसांना गारवा मिळावा असा कुणाचा हेतू नव्हता, कागद सुका राहावा एवढीच मागणी होती. म्हणजे ज्या दुखण्यावर हे यंत्र निघालं ते अस्सल कोकणी दुखणं आहे. ब्रुकलिनच्या कागदाला जे १९०२ साली मिळालं, ते तळेऱ्याच्या माणसाला शंभराहून अधिक वर्षांनी मिळतंय, एवढाच फरक.

दुसरा तज्ज्ञ विजयदुर्गाच्या रस्त्यानं आला, बांगड्याच्या पेट्यांबरोबर. त्याचा सगळा जन्म खाऱ्या वाऱ्यात गेलेला. "खारो वारो लोखंड खाता, तो तुझ्या एशीक सोडतलो?" त्याच्या बंदरावरच्या सायकलींचे मडगार्ड त्यानं साक्षीला काढले. समुद्र आमच्यापासून लांब आहे, तेव्हा आमच्याकडे तो एवढं खात नाही. पण चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची ओल मिळून उरलेलं काम करतात. त्याच्या बोलण्यातून निघालेला धडा मात्र सोन्याचा. कॉइल तांब्याचीच घ्यावी. अॅल्युमिनिअमची स्वस्त पडते, पण तिला भोक पडलं की बहुतेक मेकॅनिक तिच्याकडे बघून मान हलवतात. तांब्याची नळी डाग देऊन पुन्हा चालते. आणि बाहेरच्या यंत्राच्या पत्र्यांवर गंजरोधक थर आहे ना, हे डोळ्यांनी बघावं. तो निळा असतो, नाहीतर सोनेरी. सोनेरी असला की दुकानदार किंमतही सोन्याच्या चालीनं सांगतो.

तिसरा मुंबईहून फोनवर. मुंबईचा चाकरमानी भाऊ गावच्या कुठल्याही खरेदीत दोन गोष्टी देतो: मत आणि मॉडेल नंबर. "वन टननं काय होणार? डायरेक्ट दीड घे. फाइव्ह स्टार घे. वायफायवाला घे, म्हणजे मी इथून चालू करू शकेन." मुंबईत बसून तळेऱ्यातला एसी चालू करायची गरज कुणाला आणि का पडावी, हे मी विचारलं नाही. पण गावच्या घराचं विजेचं बिल कोण भरतं ते मला आठवत होतं.

चौथा गोव्याचा. तिथं हॉटेलात काम करणारा भाचा. त्याचा अनुभव दांडगा, पण सगळा पाहुण्यांचा. "मामा, सोळावर ठेवायचा. गेस्टना तसाच लागतो." आता सोळावर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही, यंत्र नुसतं जास्त वेळ धापा टाकत राहतं. सरकारनं १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचा मूळ आकडा चोवीस ठरवून दिला तो याच कारणानं. एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे. पण भाच्याचं हॉटेल खोलीमागं पैसे घेतं, युनिटमागं नाही. त्याला चोवीसचं काय कौतुक!

चारही रस्ते असे ऐकून झाल्यावर माणूस कणकवलीच्या दुकानात जातो. एसीच्या रांगेपुढं उभं राहिलं की सगळे एकाच रंगाचे, एकाच उंचीवर टांगलेले आणि सगळेच 'बजेट'मधले दिसतात. वेगळे असतात ते फक्त लेबलवरचे तारे.

हे लेबल म्हणजे या सगळ्या व्यवहारातला एकमेव अबोल आणि म्हणून विश्वासू माणूस. त्यावर तारे असतात, कार्यक्षमतेचा आकडा असतो, साल असतं आणि वर्षाकाठी किती युनिटं जळतील ते असतं. साल आधी बघावं, कारण ताऱ्यांची कसोटी दर काही वर्षांनी कडक होते आणि जुन्या कसोटीतले पाच तारे नव्या कसोटीत घसरतात. दुकानदार मात्र जुने तारे नव्या भावात सांगतो. मग युनिटांचा आकडा. तो वर्षाला सोळाशे तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. इथं तळेऱ्याच्या माणसानं वही-पेन्सिल काढावी. आमचा एसी चालणार एप्रिल आणि मे, जूनचे पावसाआधीचे चार दिवस आणि ऑक्टोबरातल्या काही रात्री. ओढूनताणून सहाशे तास. पाच ताऱ्यांच्या यंत्राला तीन ताऱ्यांच्यापेक्षा आठ-दहा हजार जास्त मोजायचे, आणि सोळाशे तासांत शे-सव्वाशे युनिटं वाचायची. म्हणजे सहाशे तासांत चाळीस-पंचेचाळीस. दहा-बारा रुपयांच्या हिशेबानं वर्षाला पाचशे रुपये. वरचे पैसे वसूल व्हायला सोळा ते वीस वर्षं. तोवर यंत्र राहील का, ही शंका विजयदुर्गवाल्याला विचारावी. मुंबईच्या भावाचा एसी वर्षातले आठ महिने चालतो, त्याला पाच तारे शोभतात. आम्हाला तीन पुरे.

मग टनाचा प्रश्न. दुकानात एक आजोबा मुलाला विचारत होते, "एवढो जड भिंतीर ऱ्हवात?" मुलगा हसला, पण आजोबांची शंका बर्फाच्या जमान्यातली होती आणि टनाचा हिशेबही त्याच जमान्यातला. यंत्रं यायच्या आधी गारवा बर्फानं मोजायचे. मुंबईला १८३० च्या दशकापासून अमेरिकेहून जहाजानं बर्फ यायचा आणि तो बर्फघरात साठवून विकला जायचा. पुढं यंत्र आलं तेव्हा त्याची ताकद सांगायला तोच मापदंड धरला. एक अमेरिकी टन, म्हणजे नऊशे सात किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी शोषणारं यंत्र एक टनाचं. तळेऱ्याच्या बाजारात हे कुणालाही लगेच समजावं. बांगड्याच्या पेटीत किती बर्फ टाकला की दुपारपर्यंत बांगडा टिकतो, हे जिला कळतं त्या कोळणीला टन शिकवायला नको. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो, हा झाला सर्वसाधारण नियम. वर स्लॅब तापत असेल तर थोडा हात सैल सोडावा.

दुकानात विचारला जाणारा दुसरा लाडका प्रश्न म्हणजे "इन्व्हर्टर एसी आहे ना? म्हणजे लाईट गेली तरी चालेल?" नाही चालणार. त्यातला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, म्हणून वीज कमी खातो आणि खडखड करत नाही. घरातल्या बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. तो दोन पंखे, चार दिवे आणि टीव्हीवरची मालिका यांच्यापुढं जात नाही. हे ऐकल्यावर निम्मे लोक तोंड पाडून पंख्यांच्या विभागाकडे वळतात. कारण आमच्याकडे उकाडा आणि लाईट जाणं यांची वेळ एकच असते. मेच्या शेवटी आभाळ भरून येतं, वारा पडतो, जीव कासावीस होतो, 'लाव रे एसी' असं कुणीतरी म्हणतं, आणि त्याच क्षणी पहिली वीज कडाडून गावचा दिवा जातो.

तरी खरेदी होते. एक टन, तीन तारे, तांब्याची कॉइल, तीस-पस्तीस हजारांच्या आतबाहेर. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे दुकानदारानं आधीच सूट दिल्याचं पुण्य सरकारच्या नावावर गेलं आणि तो जरा नाराज दिसला. पेटी टेम्पोत चढली की माणसाला वाटतं, झालं. प्रत्यक्षात इथपर्यंत फक्त यंत्राची खरेदी झालेली असते. एसीची पुढंच आहे.

वायरमन येतो. बोर्ड उघडतो आणि डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसा आत बघत राहतो. "ही वायर लोड घेवची नाय." मग मीटरपासून नवी जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी. मग तो मल्टिमीटरची टोकं सॉकेटमध्ये घालतो. संध्याकाळी सात वाजता आकडा एकशे सत्तर व्होल्ट. "मे महिन्यात ह्योच आकडो," तो समजुतीनं सांगतो, "चाकरमानी इले काय पंपा, फ्रिजा सगळा चालू." म्हणजे स्टॅबिलायझर. मग अर्थिंग. खड्डा खणून मीठ-कोळसा भरलेलं अर्थिंग जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात कोरडं पडतं. त्याला पाणी घालावं लागतं. तेव्हापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी तुळस, अबोली आणि अर्थिंग यांना ओळीनं पाणी घातलं जातं. काकी अर्थिंगला शेवटी घालते, पण चुकवत नाही.

नंतर बसवणारा पोरगा. चिऱ्याच्या भिंतीला त्यानं गोल भोक पाडायला घेतलं आणि घरभर लाल धूळ. पलंगावर, देव्हाऱ्यावर, काकीच्या लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर. चिरा बाहेरून खंबीर, आतून भुसभुशीत. दोन इंचांचं भोक मागितलं की तो चार इंचांचं देतो. उरलेली जागा सिमेंटनं बुजवली. बुजवली नसती तर मुंग्या, पाली आणि कुंभारीण माशी यांनी तो रस्ता वहिवाटीचा म्हणून लावून घेतला असता. पालींवर विशेष नजर ठेवावी. बाहेरच्या यंत्रातल्या सर्किटवर ऊब असते, तिथं पाल जाऊन बसते, आणि मग एका पालीचा अंत्यविधी काही हजारांना पडतो.

पण सगळ्यात मोठा खर्च छताचा. एसी गारवा तयार करतो, धरून ठेवायचं काम खोलीचं. आमच्या जुन्या भागातल्या खोल्यांच्या भिंती कौलांपर्यंत जातच नाहीत. मध्ये वावभर मोकळी जागा, म्हणजे इकडच्या खोलीत शिंकलं तर तिकडच्या खोलीतून 'शंभर वर्षं आयुष्य' येतं. तिथं एसी लावणं म्हणजे सबंध आळी गार करायचा ठेका घेणं. म्हणून पीव्हीसीचं सीलिंग आलं, वर थर्माकोल आलं. रात्री या सीलिंगवरून कांडेचोर चालतो तेव्हा घरातल्या सगळ्यांची झोप उडते. त्याचं पूर्वीचं चालणं कौलांवरून असायचं, त्याला कुणी दाद देत नव्हतं. खिडक्यांच्या फटींना रबर, दाराच्या खालच्या फटीला गोणपाट. बेरीज केली तर यंत्राएवढेच पैसे यंत्राला राहायला जागा करण्यात गेले. बजेट एसीच्या जाहिरातीत हे बजेट नसतं.

आणि दार. एसी चालवायचा तर दार बंद हवं, आणि कोकणातलं घर बंद दारासाठी बांधलेलंच नाही. दिवसाढवळ्या दार लावलं की शेजारी दोनच अर्थ काढतात: घरात आजारी माणूस आहे, नाहीतर वाटणीचं बोलणं चाललंय. पहिल्याच दुपारी आम्ही दार लावून पडलो, तर तासाभरात दोघांनी विचारपूस केली आणि तिसऱ्यानं वकिलाचं नाव सुचवलं. 'दार ओढून घे' हे वाक्य तेव्हापासून घरातलं सर्वाधिक उच्चारलं जाणारं वाक्य झालं, श्रीगणेशायच्याही पुढं गेलं.

काकी अर्थातच एसीच्या खोलीत येणार नव्हती. ती दुपारी उंबऱ्यावर बसू लागली, दार अर्धं उघडं ठेवून. "माका थंड सोसना नाय, वायंच हवा लागली की पुरे." उंबऱ्यावरची ती वायंच हवा पूर्ण पडवी गार करण्याच्या प्रयत्नात एसीचा जीव घेत होती. पण खोलीतून बाहेर काढलेल्या नळीखाली तिनं बादली ठेवली, ती मात्र रात्रभरात भरत आली. सकाळी ती बादली सगळ्यांना दाखवून ती म्हणाली, "ह्या सगळा पाणी आपल्या हवेत होता?" ब्रुकलिनच्या छापखान्यालाही याहून नेमकं कळलं नसेल. तेव्हापासून ती एसीला 'पाण्याचो' म्हणते, आणि अर्थिंगला रोजचं पाणी याच बादलीतून मिळतं.

इथपर्यंत हिशेब जुळत होता. मग मे लागला आणि मुंबईची माणसं आली.

एसीच्या तक्त्यात एक ओळ असते, ती दुकानदार कधी वाचून दाखवत नाही. खोलीतली पहिली दोन माणसं माफ. पुढच्या दर माणसामागं सहाशे बीटीयू जादा धरावेत. माणूस नुसता पडून असला तरी अंगातून ऊब सोडतच असतो. बारा हजार बीटीयू म्हणजे एक टन. आता आमचं दहा बाय बाराचं माप घ्या. त्यात पूर्वी दोघं झोपायची. मुंबईच्या मंडळींनी पहिल्या रात्री ओटीवर अंथरुणं घातली, गावच्या मोकळ्या हवेचं कौतुक केलं, आणि साडेदहाला एकेकानं उशी काखेत मारून आत यायला सुरुवात केली. पोरं भिंतीशी, वहिन्या पलंगावर, भाऊ आडवे, एक जावई दाराला पाय लावून. दोन माफ, वर दहा. दहा गुणिले सहाशे, सहा हजार. म्हणजे दहा पाहुणे बरोबर अर्धा टन. एक टनाच्या यंत्रापुढं दीड टनाची भावकी झोपली होती, आणि ज्या भावानं फोनवरून दीड टन सांगितला होता तो सगळ्यात जास्त घोरत, म्हणजे सगळ्यात जास्त ऊब सोडत होता. त्याचं मत बरोबर होतं हे कबूल करायला हरकत नाही. फक्त तो अर्धा टन तो स्वतःच घेऊन येणार आहे, हे त्यानं सांगायला हवं होतं.

तक्ते बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांच्याकडे खोली म्हणजे चार भिंती आणि दोन माणसं. आमच्याकडे खोली हे घराचं नाव आहे आणि घर हे भावकीचं. तेव्हा तळेऱ्यात कुणी एसी घ्यायला निघालं तर माझा सल्ला सोपा आहे. पावसाळ्यात जावं, तेव्हा दुकानदाराला वेळ असतो आणि बसवणाऱ्याला काम हवं असतं. तारे तीन, कॉइल तांब्याची, वायर जाड. आणि दुकानदारानं "खोली किती बाय किती?" असं विचारलं की टेप काढू नये. "मुंबईला भाऊ तीन, त्यांची पोरं सात, आणि सगळ्यांची मेची रिझर्वेशनं झालीत," एवढं सांगावं. तो कणकवलीचाच आहे. एक शब्द न बोलता तो दीड टनाच्या रांगेकडे चालू लागेल.